काउंटरवर पुन्हा तेच नाव

नागपुरात होळी आटोपली की कूलरच्या ताट्या बदलायची घाई सुरू होते आणि आमच्या लॅबमध्ये लघवीच्या तपासण्या वाढायला लागतात. मेअखेरचा नवतपा लागेपर्यंत काउंटरवर अशा कितीतरी बायका येऊन जातात, ज्यांचं नाव मला रजिस्टरात शोधावं लागत नाही. मी धंतोलीतल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीची टेक्निशियन आहे. सकाळी काउंटरवर सॅम्पल घेते, मग आत जाऊन आदल्या दिवशीच्या प्लेटा वाचते. शुगरचे, थायरॉइडचे पेशंटही पुन्हा पुन्हा येतात. पण त्यांचं येणं ठरलेलं असतं. लघवीच्या जळजळीने येणारी बाई दरवेळी ‘आता तरी हे शेवटचं असू दे’ म्हणते आणि दोन-तीन महिन्यांत परत दिसते.

आमच्यापर्यंत पोचण्याआधी तिचं बरंच काही करून झालेलं असतं. ‘उन्हाळी लागली’ म्हणून घरी धन्याचं पाणी, सब्जा, ताक. मग औषधाच्या दुकानातून आंबटगोड सिरप. मग मागच्या चिठ्ठीवरच्या उरलेल्या गोळ्या. त्यानंतर डॉक्टर, आणि सगळ्यात शेवटी कल्चरची डबी. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षभरात तीनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तर डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. पण तो दरवेळी खरंच संसर्गच होता का, आणि एकाच जंतूचा होता का, हे कल्चरशिवाय कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझ्या कामाचं सगळं सार याच प्रश्नात आहे.

डबी हातात देताना मी प्रत्येकीला तेच सांगते. हात धुवा. जागा साध्या पाण्याने, समोरून मागे अशी धुवा. पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या. झाकणाच्या आतून बोट लावू नका. आणि अँटिबायोटिक सुरू केलं असेल तर लपवू नका. घरून कफ सिरपची धुतलेली बाटली किंवा स्टीलची डबी भरून आणणारे अजूनही येतात. त्यांना परत पाठवलं की राग येतो. पण त्या बाटलीत उगवणारे जंतू बाटलीचे की बाईचे, हे मला ओळखता येणार नसतं.

नागपुरात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे ऊन. २०१३च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. एरवीही मेमध्ये पंचेचाळीसच्या आसपास पारा असतोच. अशा दिवशी कोणी सकाळी सातला डबी भरते, ती स्कूटीच्या डिक्कीत ठेवते, मुलाला क्लासला सोडते, बँकेचं काम उरकते आणि दहाला आमच्याकडे येते. ई. कोलाय हा जंतू अनुकूल वातावरणात साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे दोन तासांत चौसष्टपट. डबीत दोन हजार असले, तर सव्वा लाखाच्या वर. लघवीत हा वेग थोडा कमी असतो, तरी रिपोर्ट बिघडायला तेवढं पुरे आहे. म्हणून सॅम्पल दोन तासांत पोचलं पाहिजे. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवून थंडच आणलं पाहिजे. ‘फ्रिजमध्ये? देवाचं दूध-दही असते तिथं!’ असं एक काकू कळवळून म्हणाल्या होत्या. त्यांना मी लॅबमध्येच बाथरूम दाखवलं. सगळ्यात सोपा उपाय तोच.

आत काय होतं, ते पेशंटला दिसत नाही, म्हणून ‘अठ्ठेचाळीस तास कशाला लागतात?’ हा वाद रोजचा. आमच्याकडे बारीक तारेचा लूप असतो. त्यात लघवीचा एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो. तो हिरवट-निळ्या माध्यमाच्या प्लेटवर फिरवायचा आणि प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी उगवलेला एकेक ठिपका म्हणजे मिलिलिटरमागे हजार जंतू. शंभर ठिपके म्हणजे एक लाख. एक लाखाचा हा मापदंड बॉस्टनच्या एडवर्ड कॅस या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात घालून दिला. आजही तो वापरात आहे, मात्र ती लक्ष्मणरेषा नाही. जळजळ, सारखी लघवीची भावना अशी लक्षणं असलेल्या बाईत त्याहून कमी आकडाही खरा असू शकतो. ई. कोलायच्या वसाहती पिवळ्या दिसतात. क्लेब्सिएलाच्या फुगीर आणि चिकट. लूपने उचलल्या तर तार सुटते. तीन-चार तऱ्हेचे जंतू एकदम उगवले, तर सॅम्पल घेताना बाहेरचे मिसळले, असं समजून पुन्हा मागवायचं.

दुसऱ्या दिवशी खरा निकाल. तोच जंतू नव्या प्लेटवर शेणाने सारवावं तसा एकसारखा पसरवायचा आणि वर अँटिबायोटिकच्या सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवायच्या. रात्रीतून जंतूंचा पांढुरका थर उगवतो. जिथे औषध चालतं, तिथे चकतीभोवती स्वच्छ गोल उरतो; तो पट्टीने मोजायचा. जिथे चालत नाही, तिथे थर चकतीला येऊन टेकतो. हल्ली लघवीतल्या ई. कोलायच्या प्लेटवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन, तिच्या बहिणी आणि सेफिक्झिम या चकत्यांना थर बहुतेक वेळा टेकलेला असतो. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन यांच्याभोवती मात्र अजून चांगला गोल दिसतो. म्हणजे दुकानातून सहज मागून घेतल्या जाणाऱ्या गोळ्याच निकामी होत चालल्या आहेत, आणि जुनं, साधं औषध अजून टिकून आहे.

इतवारीत साड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या एका ताईंची प्लेट मला चांगली आठवते. त्या काउंटरवर म्हणाल्या, ‘मॅडम, मागच्या बारीच्याच गोळ्या घेतल्या. दोन दिवस बरं वाटलं, मंग पुन्हा तेच होऊन राहिलं.’ मागच्या वेळी कल्चर झालंच नव्हतं. त्या गोळ्यांची चकती मी दुसऱ्या दिवशी पाहिली. थर अगदी कडेपर्यंत होता. दोन दिवस बरं वाटलं ते बहुधा सिरपमुळे, जंतू मात्र जागचा हलला नव्हता. तो गेलाच नव्हता, तर ‘पुन्हा झालं’ कसं म्हणायचं?

अशा परत येणाऱ्या बायकांचे रिपोर्ट जवळ ठेवून पाहिले, की तीन निरनिराळ्या गोष्टी दिसतात. पहिली ही, ताईंसारखी: इलाज अर्धवट किंवा चुकीच्या औषधाचा, जंतू तोच, औषध संपल्यावर आठ-पंधरा दिवसांत त्रास सुरू. दुसरी: मधले दोन-तीन महिने चांगले जातात आणि नवा संसर्ग होतो, कधी दुसऱ्या जंतूचा, बऱ्याचदा पुन्हा ई. कोलायचाच. हा जंतू बाहेरून येत नाही, आपल्याच आतड्यात राहतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर आणि त्याचं तोंड गुदद्वाराच्या जवळ, म्हणून प्रवास छोटा. पुरुषाला निसर्गाने साधारण वीस सेंटिमीटरची सवलत दिली आहे. तिसरी गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते: संसर्ग नसतोच. जळजळ बुरशीने असू शकते, मुतखड्याने असू शकते, पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणाने असू शकते. आणि याच्या उलट, त्रास काहीच नसताना फुल बॉडी चेकअपमध्ये ‘पस सेल्स ८ ते १०’ छापून येतात, घरचे घाबरतात आणि म्हाताऱ्या आजींना अँटिबायोटिक सुरू होतं. लक्षण नसताना लघवीत जंतू सापडले, तर ठराविक अपवाद सोडून औषध द्यायचं नसतं. गर्भारपण हा त्यातला मोठा अपवाद. तिथे त्रास नसला तरी इलाज करावाच लागतो, कारण संसर्ग वर किडनीपर्यंत चढण्याचा आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका असतो. नागपुरातल्या डागा, मेयो किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यांत नाव नोंदवणाऱ्या बाईला लघवीची तपासणी सांगितली, तर ती टाळू नये, ती याच कारणाने.

काउंटरवर आवाज खाली येतो तो वेगळ्याच विषयाला. नवीन लग्न झालेल्या मुली डोळे वर करत नाहीत. सोबत सासू असेल तर तीच बोलते: ‘हिला माहेराहूनच असंल.’ शरीरसंबंधांनंतर मूत्रमार्गाचा संसर्ग होणं ही तरुण बायकांमधली अगदी ठाऊक असलेली गोष्ट आहे. त्यात चारित्र्याचा किंवा माहेराचा काही संबंध नाही. संबंधांनंतर लघवीला जाऊन यावं, शुक्रजंतुनाशक जेली वापरत असाल तर डॉक्टरांना विचारून दुसरं साधन निवडावं, एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. पण ते सांगायची पाळी लॅबवालीवर का यावी, हा प्रश्न मला पडतो.

त्याहून वाईट आहे तो स्वच्छतेचा आरोप. एक मावशी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, ‘मी तं दिवसातून चारदा साबणानं धुतो, डेटॉल टाकतो, तरी काहून होते?’ होतं ते त्यामुळेही. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू राहतात. ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात ई. कोलायला पाय रोवता येत नाही. साबण, जंतुनाशक, जाहिरातीतले सुगंधी वॉश यांनी आधी हे राखणदार मरतात. मग संसर्ग होतो, मग बाईला वाटतं आपण अजून घाण आहोत, मग ती अजून जोरात धुते. साधं पाणी पुरेसं आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या बहुतेक बायका माझ्या पाहण्यात बाकीच्यांपेक्षा जास्तच टापटीप आहेत.

मग चुकतं कुठे? बरंचसं पाण्यात आणि वेळेत. इतवारीच्या त्या ताईंना मी विचारलं, दिवसभरात पाणी किती होतं? त्या म्हणाल्या, ‘दुकानात उभंच राहा लागते. पाणी पेलं का जा लागते. जाव कुठं?’ दुकानामागे संडास होता, पण कुलूप मालकाचं आणि किल्ली गल्ल्याजवळ. दरवेळी चार पुरुषांसमोर किल्ली मागायची, म्हणून त्या सकाळी घरून निघताना जाऊन येत आणि रात्री घरी पोचल्यावर पुन्हा जात. बर्डीवर रस्त्याकडेला बसणाऱ्या, कॉटन मार्केटमध्ये भाजी विकणाऱ्या, चौकात ट्रॅफिक सांभाळणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, सगळ्यांचं गणित जवळपास हेच आहे. लघवी मूत्राशयात तासन्‌तास थांबली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. वाहती धार त्यांना बाहेर टाकते. ती धारच नसेल तर गोळी तरी किती करणार?

पाण्याचा हा सल्ला नुसता आजीबाईचा नाही. बल्गेरियात एक अभ्यास झाला, तो २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० बायका त्यात होत्या. अर्ध्या जणींनी रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायचं होतं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. जवळपास निम्म्याने घट, तीही गोळीशिवाय. हे आपल्यापेक्षा थंड देशातलं. आपल्याकडे मेमध्ये तर प्यायलेल्या पाण्यातलं कितीतरी घामातच जातं. म्हणून इथे ग्लास मोजण्यापेक्षा लघवीचा रंग पाहावा: फिकट असावी, आणि जागेपणी तीन-चार तासांनी जाणं व्हावं. हृदय किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

पण ‘पाणी प्या’ म्हणणं सोपं आहे. प्यायलेलं पाणी सोडायला जागा हवी. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या संस्थेने हा प्रश्न थेट मुंबई उच्च न्यायालयात नेला होता. डिसेंबर २०१५मध्ये न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारण्याचे आदेश दिले. त्याआधी मुंबईत ‘राइट टू पी’ म्हणून बायकांनी चळवळच केली होती. २०१९मध्ये नागपुरात मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून स्टेशनातल्या स्वच्छतागृहांची सोय झाली आहे. आमच्या काही पेशंट तर तेवढ्यासाठी स्टेशनचा रस्ता धरतात. इतवारी, गांधीबागेच्या आतल्या गल्ल्यांत मात्र दुकानाच्या किल्लीवरच सगळं अवलंबून आहे.

पाळी गेलेल्या बायकांचं कारण अजून वेगळं. इस्ट्रोजेन कमी झालं की ते राखणदार लॅक्टोबॅसिलसही कमी होतात, त्वचा पातळ पडते आणि साठीत अचानक वर्षाला चार-चार संसर्ग सुरू होतात. १९९३मध्ये इस्रायलमधल्या ९३ बायकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने संसर्गाचं प्रमाण खूपच कमी झालेलं दिसलं. वर्षाला सरासरी, हे क्रीम न लावणाऱ्यांना ५.९ वेळा, लावणाऱ्यांना ०.५ वेळा. इतका साधा आणि इतका जुना उपाय, तरी काउंटरवरच्या बहुतेक काकूंनी त्याचं नाव ऐकलेलं नसतं. ज्यांनी ऐकलं, त्या ‘या वयात हे काय’ म्हणून लावत नाहीत. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायला हवं. बाकीच्यांनी लाजून वर्षानुवर्षं अँटिबायोटिक खाण्यात काही शहाणपण नाही.

बाकी कारणं भराभर सांगते. शुगर ताब्यात नसेल तर संसर्ग हटत नाही. बद्धकोष्ठ असेल तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. मुलांमध्ये हे फार. कल्चरमध्ये पुन्हा पुन्हा प्रोटियस हा जंतू आला, तर मुतखडा शोधावा, कारण तो जंतू खडे तयार व्हायला मदत करतो. पुरुषाला किंवा लहान मुलाला वारंवार संसर्ग होत असेल, तर तपासणी सोनोग्राफीपर्यंत न्यावीच. आणि थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, लघवीत रक्त, यांतलं काहीही दिसलं तर धन्याचं पाणी बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता गोळ्यांबद्दल. १ मार्च २०१४पासून आपल्या देशात शेड्यूल एच-वन लागू आहे. सेफिक्झिमसारखी बरीच अँटिबायोटिक्स त्यात येतात. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, दिली की दुकानदाराने रजिस्टरात नोंद करायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. पाकिटावर लाल रेघ असते ती यासाठी. तरीही ‘भाऊ, लघवीच्या जळजळीची गोळी द्या’ एवढं म्हटलं की काम होतं, हे नागपुरातल्या कोणालाही ठाऊक आहे. त्या सोयीची किंमत मी दुसऱ्या दिवशी प्लेटवर मोजते. कधीतरी अशी प्लेट येते, की तोंडाने घ्यायच्या एकाही गोळीभोवती गोल नसतो. मग ज्या आजारासाठी पाच दिवसांच्या कॅप्सूल पुरल्या असत्या, त्यासाठी सलाईन आणि इंजेक्शनं घ्यायला भरती व्हावं लागतं.

त्या साडीच्या दुकानातल्या ताईंना कल्चरनुसार नायट्रोफ्युरँटॉइन मिळालं आणि तो जंतू गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्या आल्या, तेव्हा हातात जुना रिपोर्ट होता आणि गोळी सुरू केलेली नव्हती. संसर्ग पुन्हा झाला होता, पण दुसऱ्या जंतूचा, आणि मधले आठ-नऊ महिने निभावले होते. माझ्या हिशेबी ती सुधारणाच आहे. हा आजार नेहमी मुळापासून उपटता येत नाही. अंतर वाढवत नेता येतं, आणि प्रत्येक वेळी नेमकं औषध घेता येतं.

म्हणून वाचणाऱ्या बायकांना माझं एवढंच सांगणं: अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी डबी भरा. प्रत्येक कल्चरचा रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा आणि डॉक्टर बदलला तरी ती फाइल बदलू नका. त्रास गेल्यावर ‘खात्रीसाठी’ पुन्हा पुन्हा तपासण्या करू नका. साबण कमी, पाणी जास्त, आणि लघवी थांबवून ठेवायची नाही. आणि ज्यांच्या दुकानात, ऑफिसात, शाळेत बायका काम करतात, त्या मालकांना आणि साहेबांना विनंती: संडासाच्या किल्लीची एक जोड करून ती त्यांच्याच हाती द्या.